सरनोबतकाकूंचं लपण

सरनोबतकाकूंच्या शोकसभेत माझं डोकं फिरलं, ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

आमच्या ब्रिस्टलच्या मराठी मंडळानं चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता. टेबलावर काकूंचा फोटो, फोटोला हार. आणि फोटो तरी कुठला निवडावा? कुणाच्या तरी मुंजीतला, पैठणी नेसलेला, लिपस्टिक लावलेला! काकूंचं लिपस्टिकशी उभ्या आयुष्यात पटलं नाही. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "मालतीकाकू म्हणजे अत्यंत शांत, मनमिळाऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी मनात म्हटलं, अहो, याच बाईविरुद्ध तुम्ही खास मीटिंग बोलावली होतीत ना? विसरलात? तेवढ्यात ते म्हणाले, "आता आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून मौन पाळू या."

झालं. सुरुवात होते न होते तोच कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मागच्या रांगेत कुणी खोकलं, मग त्याला बघून दुसऱ्याला खोकला आला. एका पर्समध्ये फोन घुरघुरला. एक बाई शेजारणीला डोळ्यांनीच विचारत होत्या, समोसे मायक्रोवेव्ह करायचे की असेच द्यायचे. आणि अध्यक्ष? अध्यक्ष मनगट वळवून घड्याळ बघत होते! मिनिटं पुरती व्हायच्या आत "ओम शांती" म्हणून मोकळे झाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जी बाई काटेरी कुंपणाच्या पोटात, उलट्या बादलीवर, अख्खी सकाळ पापणीशिवाय काही न हलवता बसायची, तिच्यासाठी यांना दोन मिनिटं धड उभं राहता येऊ नये? मी समोसा न खाताच निघून आले. आता इथे लिहून तरी मन मोकळं करते.

काकू मूळच्या कोल्हापूरकडच्या, भुदरगडच्या डोंगरातल्या. नवरा इथे विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, त्याच्याबरोबर आल्या, आणि तो वारल्यावरही इथेच राहिल्या. स्वतः इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. माझी त्यांची ओळखही तिथलीच. मी बर्फावरून घसरून मनगट मोडून घेतलं होतं आणि एक्स-रेच्या टेबलावर हात ठेवून त्या गोऱ्या नर्सला माझी सगळी कहाणी सांगत होते. काय करणार, मी पुण्याची. दुखलं की मला जास्तच बोलायला लागतं. काचेमागून आवाज आला, "कीप स्टिल प्लीज." मी आपली चालूच. पुन्हा आवाज आला, जरा चढा. आणि तिसऱ्यांदा, माझ्या फाइलवरचं 'वर्षा' हे नाव वाचून असेल, शुद्ध कोल्हापुरीत, "अगं ए बाई, हलू नगंस की!"

मी दगड झाले. परदेशात, अंधाऱ्या खोलीत, असं कुणी मराठीत दटावलं तर दुसरं काय होणार?

बाहेर आल्यावर बघते तर एक बुटकी, काळीसावळी, करड्या केसांची बाई उभी. "मी सांगतो ते पहिल्यांदाच ऐकलं असतंस तर तीनदा सांगायला लागलं नसतं," म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं त्या 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. आमच्या मंडळातल्या बायका त्यावर तोंडाला पदर लावून हसत. काकूंना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांना सगळंच कळायचं, फक्त चेहऱ्यावर दिसायचं नाही.

बंदुकीची गोष्ट मला पुढे कळली, आणि कळली तेव्हा मी ओरडलेच. काकू शनिवारी सकाळी शहराबाहेरच्या एका शेतावर जात. शेतकऱ्याचं नाव जेफ. मटार लावायचा. तोही काकूंचा पेशंटच, खांदा निखळला म्हणून आला होता आणि खांद्याचं सोडून कबुतरांना शिव्या घालत होता. इथली रानकबुतरं म्हणजे नुसती टोळधाड असते. कोवळा मटार वर आला की शेतच्या शेत फस्त करतात. जेफनं आवाजाची तोफ लावली, बुजगावणी लावली. कबुतरं बुजगावण्याच्या डोक्यावर बसायला लागली. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आय विल कम अँड सिट."

जेफ हसला. हसणारच. साडी नेसणारी, त्याच्या खांद्याला लागणारी बाई!

पण काकूंचं लहानपण राखणीत गेलेलं होतं. त्यांचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रात्रंदिवस भुईमुगावर येणाऱ्या रानडुकरांशी झगडायचे. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. बांधाला झुडपाआड बसायला सोबत मुलगे नेले, तर एकाला मुंग्या चावायच्या, दुसऱ्याला शिंक यायची. मग एकदा मालूला नेलं. मालू बसली ती उजाडेपर्यंत हललीच नाही. "त्या दिवसापासनं भावांची सुट्टी," काकू सांगायच्या. "आणि मी शिकारी न्हाई हं. शिकारी पाखराच्या मागं जातो. मी राखणदार. मी बसतो, ती येतात."

इथेही त्यांनी परवान्याचं सगळं रीतसर केलं. पोलिसांचा माणूस घरी येऊन बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीला नीट बोल्ट केलंय ना ते बघून गेला. जिन्याखालच्या त्या कपाटाच्या शेजारच्या फळीवर देव होते. त्यानं विचारलं, हे कोण? काकू म्हणाल्या, "विटनेसेस."

मला त्यांनी पहिल्यांदा शेतावर नेलं तो दिवस आठवला की अजून माझं पित्त खवळतं. मी हौसेनं गेले. थर्मास घेतला, चिवडा घेतला, लाल जॅकेट घातलं. काकूंनी मला गाडीतून उतरल्यावर आपादमस्तक बघितलं. जॅकेट काढायला लावलं आणि स्वतःचा एक मातकट कोट दिला, ज्याला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. घड्याळ काढायला लावलं, त्याची काच चमकते म्हणून. बांगड्या काढायला लावल्या. अंगठीचा खडा तळव्याकडे फिरवायला लावला. आणि चिवड्याची पिशवी माझ्या हातातून घेऊन सरळ गाडीत टाकली.

"अहो काकू, खायचं काय मग?"

"साटोरी आणल्याय. लपणात मऊ खायचं. चिवडा म्हंजे बँड लावून शिकारीला जाण्यापैकी हाय."

लपण म्हणजे कुंपणाच्या झुडपाला लावलेल्या चार काठ्या, त्यावर पानांच्या रंगाची जाळी, आणि आत दोन उलट्या बादल्या. समोर मटारात प्लास्टिकची कबुतरं मांडलेली, वाऱ्याकडे तोंड करून, खाताना दिसावीत अशी. ती बघून खरी कबुतरं उतरतात. उतरताना आधी वरून घिरट्या घालतात, आणि तिथेच सगळा खेळ असतो.

"वर बघायचं न्हाई," काकूंनी बजावलं. "तू त्यांना बघितलंस की त्यांनी तुला बघितलं. मान फिरवायची न्हाई, डोळे फिरव. जाळीवरनं डोकवायचं न्हाई, जाळीतनं बघ. श्वास नाकातनं, सावकाश. आणि बोलायचं तर अजिबात न्हाई."

"अजिबात?"

"हेच शेवटचं."

मी बसले. पहिल्यांदा पायाला मुंग्या आल्या. मग नाक खाजलं. मग पाठ. मग मला जन्मात कधी आठवली नव्हती अशी एक फार महत्त्वाची गोष्ट काकूंना सांगायची राहिली आहे असं वाटायला लागलं. वर पंखांचा आवाज आला आणि मी चक्क वर बघितलं. सगळा थवा हवेतच वळला आणि पलीकडच्या रानात गेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच तर लागलं मला! एखादी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. मी शिकलेली बाई, युनिव्हर्सिटीत अख्खं डिपार्टमेंट सांभाळते, आणि मला बादलीवर बसता येऊ नये?

मग रागानंच बसले. आणि रागात कधीतरी विसरले की मी बसलेय. एक ससा कुंपणातून आला, माझ्या बुटाशी थांबला, वास घेतला आणि निघून गेला. माझ्या बुटाशी! मी काकूंकडे डोळे फिरवले. त्या तिथे नव्हत्याच. म्हणजे होत्या, पण झुडूप कुठे संपतं आणि काकू कुठे सुरू होतात ते हातभर अंतरावरून मला सांगता येईना. मग कधीतरी त्यांनी एकदम बंदूक खांद्याला लावली, बार झाला, आणि पुन्हा झुडूप.

खाली पडलेलं प्रत्येक पाखरू त्या स्वतः उचलायच्या. एखादं कुंपणात पडलं आणि सापडलं नाही तर जेफच्या कुत्र्यासकट सगळ्यांना कामाला लावायच्या. "मारलं की खायचं. न्हाईतर मारायचं न्हाई." इथले श्रीमंत लोक मोकळ्या मैदानात रांगेनं उभे राहतात, आणि हाका घालणारी माणसं पाळलेले फेझंट पक्षी त्यांच्या डोक्यावरून उडवतात, ते एकदा जेफनं त्यांना दाखवायला नेलं. काकू मध्येच उठून गाडीत जाऊन बसल्या. परत येताना एवढंच म्हणाल्या, "गप्पा मारत मारतात. लाज न्हाई वाटत?"

तसाच राग त्यांना यंत्रावर. जेफकडे बॅटरीवर फिरणारं कबूतर होतं, ते त्यांनी लपणाजवळ कधी लावू दिलं नाही. दुसरं एक होतं पंख हलवणारं, लांब दोरी ओढली की फडफडणारं. जेफनं ते त्यांना वाढदिवसाला भेट दिलं होतं. काकू त्याला 'नाचरं' म्हणायच्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवायच्या. "दोरी ओढायला हात हलवाय लागतो. हात हलला की गेलं पाखरू. कसलं डोकं म्हणायचं हे!"

आता ती मीटिंग. मंडळाच्या कोजागरीला प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा होता. काकूंनी मोठं पातेलं भरून तांबडा रस्सा आणला आणि सामिषच्या टेबलावर ठेवला. कुणी विचारलं नाही कशाचा. सगळ्यांनी ओरपला. दातांचे डॉक्टर जोगळेकर तर तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, "चिकन खावं तर कोल्हापूरकरांच्या हातचं!" आणि कट्‌कन दाताखाली छर्रा आला.

जे काय झालं! पाखराचं नाव कळल्यावर काहीजण बेसिनकडे धावले. मघाशी बोटं चाटणारी माणसं! काकूंनी फसवलं, मंडळाची प्रतिमा मलिन झाली, बंदुका बाळगणारी माणसं आपल्यात नकोत, काय नि काय. आणि हे म्हणणारे कोण? दर रविवारी सुपरमार्केटातून लॅम्बच्या तंगड्या आणणारे. ते कोकरू म्हातारपणी झोपेत गेलं होतं का? मी भांडभांड भांडले. पुढच्या आठवड्यात त्यांनी खास मीटिंग बोलावली. काकूंनी माफी मागावी, असा विषय.

काकू आल्या, खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर ठेवले. अध्यक्ष बोलले. कोषाध्यक्ष बोलले. एक बाई रडल्या. काकू जाळीतून बघावं तशा बघत होत्या. हो नाही, नाही नाही, भुवईसुद्धा वर गेली नाही. समोरचं माणूस काहीच करत नाही म्हटल्यावर बोलणाऱ्याचं हळूहळू पाणी पाणी होतं. आवाज खाली आले. कुणीतरी म्हणालं, तसा हेतू वाईट नव्हता म्हणा. कुणीतरी म्हणालं, आपणही विचारायला हवं होतं. शेवटी सगळे गप्प झाले आणि जोगळेकर खुर्ची ओढत काकूंच्या जवळ आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "काकू, तो मसाला घरचा होता का हो?"

बाहेर पडल्यावर काकू मला म्हणाल्या, "बघितलंस? आपण हललो न्हाई की जवळ येतात."

त्यानंतर कधीतरी त्यांच्या उजव्या हाताला ते सुरू झालं.

आधी मला वाटलं वाती वळतायत. खरंच तसंच दिसायचं. हात मांडीवर, आणि अंगठा नि पहिलं बोट एकमेकांवर घासतायत, कापूस नसताना वात वळल्यासारखे. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. मी आजाराची सगळी माहिती वाचून काढली आणि संतापानं रडले. कारण हा कंप बाईनं कप उचलला की थांबतो. चमचा धरला, बटण लावलं की थांबतो. हात स्वस्थ ठेवला की सुरू होतो! जगात एवढे आजार पडलेत. गुडघे घ्यायचे होते, कान घ्यायचे होते. पण नाही. जिला स्वस्थ बसण्यापलीकडे देवाकडून काही नको होतं, तिच्या नेमक्या स्वस्थ बसण्यावर घाला! काय म्हणावं याला? जिन्याखालच्या त्या साक्षीदारांना मी त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बंदूक काकूंनी स्वतः फोन करून पोलिसांकडे जमा केली. मी म्हटलं, "अहो, बंदूक उचलली की हात स्थिर असतो ना तुमचा?" त्या म्हणाल्या, "आज असतो. ज्या हाताचा उद्याचा भरवसा न्हाई त्यात बंदूक न्हाई." मला त्याचाही राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा तर जास्तच येतो.

बंदुकीशिवाय त्या लपणात जात राहिल्या. आता बार जेफ काढायचा. पण जेफ म्हणजे सारखी चुळबुळ, आणि आता काकूंचा हात. मांडीवर थरथरायचा, कोट हलायचा, जाळीला लागायचा. थवे यायचे, घिरटी घालायचे आणि निघून जायचे. जेफ बिचारा काही बोलायचा नाही. पण मटाराच्या शेतात पट्टेच्या पट्टे बोडके दिसायला लागले. एका शनिवारी मी त्यांना आणायला गेले तेव्हा त्या आधीच कुंपणाबाहेर उघड्यावर येऊन उभ्या होत्या.

"मी आता पाखरांना दिसतो, वर्षे," म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मी त्यांना हरलेलं पाहिलं ते तेवढंच. मी गाडीचं दार उघडून उभी राहिले.

समीर म्हणजे काकूंचा एकुलता एक. जन्मलेला इथला, राहायला तिकडे लंडनला, पिनरमध्ये, कुठल्या तरी मोठ्या कंपनीत. त्याचा बरेच दिवस लकडा चाललाच होता की आईनं घर विकून पिनरला यावं. आता त्याला कारणच मिळालं. "वर्षामावशी, ऑनेस्टली, आईची हात हलते, ती एकटा कशी राहणार? आमच्याकडे खाली एक छान रूम आहे, टीव्ही आहे, मंदिर जवळ आहे, इंडियन शॉप्स आहे. तिला काय करायचं तिकडे शेतात? चिखलमध्ये बसते, अंधारमध्ये निघते. इट्स नॉट सेफ."

मी म्हटलं, "समीर, तुझ्या आईला टीव्हीसमोर बसायचं नाहीये. तिला बसायचंय ते वेगळं."

"बसायचं म्हणजे बसायचं ना मावशी. सीट इज अ सीट."

तिडीक गेली माझ्या डोक्यात. पोरगा वाईट नाही हो. आईवर जीव आहे त्याचा. दर रविवारी फोन करतो, इतक्या लांबून येतो. पण त्यानं आईला एकदा तरी त्या जाळीत पाहिलं होतं का? लहानपणी त्याला नेलं होतं म्हणे, तर त्यानं कबुतरं उडावीत म्हणून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो कधी गेला नाही आणि काकूंनी बोलावलं नाही. मी काकूंना म्हटलं, "तुम्ही नाही म्हणा ना स्पष्ट!" त्या म्हणाल्या, "कशासाठी नको म्हणू? बसायला येत हुतं तवर नको म्हणत होतो." मला हे ऐकवेना. मी तरातरा घरी निघून आले आणि नवऱ्यावर राग काढला.

जायच्या आदल्या दिवशी मी बांधाबांधीला गेले. पितळेची भांडी, देव, गोधड्या, खोक्यांवर खोकी. शेतावरची पिशवी मी उलटी केली तर तळातून ते नाचरं कबूतर बाहेर पडलं, दोरीच्या गुंत्यासकट. "हे टाकून देऊ ना?" मी विचारलं. काकूंनी ते माझ्याकडून घेतलं. मांडीवर ठेवलं. गुंता सोडवता सोडवता दोरीचा एक वेढा त्यांच्या बोटाला पडला, आणि हात मांडीवर टेकला तसं त्या कबुतराचे पंख हलले. जोरात नाही. जरासे. थांबले, पुन्हा हलले.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी बोलत होते, नेहमीसारखी. त्यांनी डावा हात वर केला आणि मी गप्प झाले.

"हे बांधू नगंस," म्हणाल्या. "आणि तू आता घरी जा."

मला हाकललं! सगळं घर मी आवरत असताना मला घरी जा म्हणाल्या. मी फणकारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीर मोठी गाडी घेऊन हजर. दाराला कुलूप. खोकी खिडकीतून दिसतायत आणि काकू नाहीत. त्यानं मला फोन केला, मी धावत गेले, शेजारीण म्हणाली जेफची लँडरोव्हर पहाटे येऊन गेली. समीरचा चेहरा पडला. "ती असं का करते? मी सुट्टी घेतली ना आजची!" गाडीत तो सारखा बोलत होता आणि मी सारखी उत्तरं देत होते, आणि दोघंही ओरडतच होतो.

शेतावर उतरून आम्ही कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. ऊन नुकतं आलं होतं. समोर मटार, मटारात प्लास्टिकची कबुतरं, ढिम्म. माणूस म्हणून कुठे नाही. लपण कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी मला नुसतं झुडूप दिसत होतं. आत जेफ होता की नाही तेही कळेना. त्यालाही कुणीतरी दटावून बसवलं असावं.

"आई कुठे आहे?" समीर म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मावशी, ते बघा. तो एक पक्षी जिवंत आहे. त्याला लागलंय का?"

त्या मांडलेल्या थव्याच्या कडेला एका कबुतराचे पंख हलत होते. मध्येच थांबत होते. पुन्हा बारीकसे थरथरत होते, दाणा टिपताना तोल सावरावा तसे. कुठलंही यंत्र असं हलत नाही, आणि मुद्दाम दोरी ओढणाऱ्या माणसालाही ते जमणार नाही.

"तो पक्षी नाहीये समीर," मी म्हटलं. "ती तुझी आई आहे."

त्याला कळायला वेळ लागला. मी बोटानं दोरी दाखवली, मटारातून कुंपणाकडे जाणारी. ती जिथे नाहीशी होत होती तिथे झुडूप होतं, आणि झुडपात कुठेतरी एक हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला होता.

पलीकडच्या रानातून थवा उठला. आमच्या डोक्यावरून गेला, वळला, घिरटी घातली. समीरनं हात वर केला, आईला हाक मारायला की काय देव जाणे, आणि मी त्याचं मनगट गच्च धरलं.

"हलू नगंस," मी म्हटलं.

आणि तो हलला नाही. थवा खाली खाली येत त्या थरथरणाऱ्या पाखराच्या अवतीभोवती उतरला.

त्या दिवशी गाडी पिनरला रिकामीच गेली. खोकी मी पुन्हा सोडली, बडबडत, कारण बांधायचे कष्टही माझेच होते. काकू शेवटपर्यंत बादलीवर बसल्या आणि जेफच्या मटाराची राखण केली. पण त्या आठवल्या की मला ती सकाळच दिसते. समीर ओल्या गवतात उभा, त्याचं मनगट माझ्या हातात, आणि समोर काकू कुठेच दिसत नाहीत. किती वेळ उभे होतो ते मला सांगता येणार नाही, कारण आमच्यापैकी कुणीही घड्याळ बघितलं नाही.